मोल्सवर्थ शिकागोला कसा पोचला : मराठी आणि अमेरिकन सरकारी अनुदानाचं एक प्रकरण

मी भाषांतराची कामं करतो, त्यामुळे दिवसातून चार-पाच वेळा तरी एक साइट उघडली जाते. जुना शब्द अडला की तिथे जायचं, शब्द टाकायचा, की खाली ठळक देवनागरीत शब्द, शेजारी रोमन लिपीत तोच, मग अर्थ आणि छापील कोशातल्या पानाचा नंबर. १८५७ चा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश तिथे आहे, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, वझे आहेत, शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशपण आहे. फुकट, लॉगिन नाही, मधेच उड्या मारणाऱ्या जाहिराती नाहीत. साइट शिकागो विद्यापीठाची आहे. इतकी वर्षं वापरतोय पण शिकागोतल्या लोकांना दाते-कर्वे ऑनलाइन चढवायची काय पडली होती, आणि त्याचे पैसे कोणी भरले, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. आपल्याला फुकट मिळालं की आपण विचारत नाही, रेशनवर साखर जास्त दिली तर कोण विचारतं.

प्रश्न पडला २०२५ मध्ये, जेव्हा ते पैसे बंद होत असल्याच्या बातम्या यायला लागल्या. मग मी खोदत गेलो. खाली लिहिलंय ते त्याचंच, म्हणजे एका भाषेचं आणि एका अनुदानाचं प्रकरण. भाषा आपली, अनुदान त्यांचं.

तर त्या कोशांच्या कामाला अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण खात्याचे पैसे होते, आणि ते ज्या कायद्याखाली येतात त्याला तिकडे सगळे नुसतं 'टायटल सिक्स' म्हणतात. सहावं प्रकरण, बस. आपल्याकडे कसं 'सातबारा' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही तसं.

याचा जन्म स्पुटनिकच्या भीतीतून झालाय. ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाने उपग्रह सोडला, अमेरिकेत हलकल्लोळ झाला की आपण मागे पडलो, आणि वर्षाच्या आत, २ सप्टेंबर १९५८ ला, आयझेनहॉवरने नॅशनल डिफेन्स एज्युकेशन अ‍ॅक्टवर सही केली. नावातच डिफेन्स. गणित-विज्ञानाला पैसे दिलेच पण सहाव्या प्रकरणात परकीय भाषांना दिले, कारण युद्धानंतर जगभर आपले लोक जाणार आणि त्यांना तिथली भाषा येत नाही हे सरकारच्या लक्षात आलेलं. विद्यापीठांत भाषा आणि प्रदेश-अभ्यासाची केंद्रं काढायची, निम्मा खर्च सरकारचा, निम्मा विद्यापीठाचा, आणि त्या भाषा शिकणाऱ्या मुलांना फेलोशिप. पहिल्या पसंतीच्या भाषा ठरल्या सहा: अरबी, चिनी, जपानी, पोर्तुगीज, रशियन आणि हिंदी-उर्दू.

मराठी नव्हतीच त्यात. कशाला असेल? संरक्षणाच्या नजरेने बघितलं तर मराठीचं काय काम. पण योजनेची रचना अशी होती की पैसे सुट्या भाषेला न देता केंद्राला द्यायचे, केंद्र पूर्ण दक्षिण आशियाचं, आणि 'दक्षिण आशिया' असा बोर्ड लावून फक्त हिंदी शिकवली तर परीक्षक हसणार. म्हणून तमिळ आली, बांगला आली, मराठी आली. बागेत पाटाचं पाणी पहिल्या वाफ्यासाठी सोडलेलं असतं पण दारं नीट धरली तर शेवटच्या वाफ्यापर्यंत जातं, तसं मराठीला पाणी मिळालं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली इथेच आहे. मराठीसाठी म्हणून त्या कायद्यात वेगळा एक डॉलर ठेवलेला नव्हता, आणि तरी साठेक वर्षं मराठी त्या पाण्यावर जगली.

दारं धरणारे लोक मात्र होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन नावाचे संस्कृतचे प्राध्यापक होते, त्यांनी हा कायदा यायच्या दहा वर्षं आधीच तिथे दक्षिण आशियाचा विभाग उभा केला होता. १९६१ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज निघाली, आणि तिचं भारतातलं पहिलं ऑफिस दिल्लीला न काढता पुण्यात काढलं, डेक्कन कॉलेजमध्ये. कारण सरळ आहे, डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र आधीपासून जोरात होतं, रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशावर तिथे पन्नाशीच्या दशकात भाषाशास्त्राची शिबिरं भरायची आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांना ओळखत होती. त्या संस्थेचे मराठीचे वर्ग आजही पुण्यात चालतात. पुणेकरांना याची फारशी खबर नसते, आपल्याला फक्त एखादी गोरी मुलगी मंडईत 'मेथी कशी दिली' विचारताना दिसते आणि आपण हसून पुढे जातो.

आता इथे गहू येतो. होय, गहू. पब्लिक लॉ ४८०, १९५४ चा. भारत अमेरिकेकडून धान्य घ्यायचा आणि डॉलर नव्हते म्हणून किंमत रुपयांत चुकती करायचा, ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यात पडून राहायचे, बाहेर नेता यायचे नाहीत. मग खर्च कुठे करणार? इथेच. त्यातून शिष्यवृत्त्या निघाल्या, वर सांगितलेल्या इन्स्टिट्यूटचा सुरुवातीचा बराच गाडा त्यावर चालला, आणि १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसने दिल्लीत ऑफिस थाटून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या ठरावीक विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. मराठीसुद्धा. माझी आजी त्या रेशनच्या लाल गव्हाला नावं ठेवायची, पोळी वातड होते, ताटात पडल्यावर चामड्यासारखी. त्याच गव्हाच्या रुपयांतून कुठल्यातरी मराठी कवितासंग्रहाची प्रत अमेरिकेतल्या एखाद्या लायब्ररीत गेली असेल आणि इथे त्याच पुस्तकाची आवृत्ती संपून वर्षानुवर्षं मिळत नसेल, हे आजीला सांगितलं असतं तर तिने कपाळावर हात मारला असता. (१९७४ मध्ये त्या साठलेल्या रुपयांपैकी १६६४ कोटींचा चेक अमेरिकेच्या राजदूताने भारत सरकारला परत दिला, एवढा मोठा चेक तोवर कोणी फाडला नव्हता म्हणतात.)

टायटल सिक्सच्या पैशाने काय काय झालं याचं एकच उदाहरण जवळून दाखवतो. मॅक्सीन बर्नसन. मूळच्या अमेरिकेच्या, १९६१ मध्ये भारतात आल्या, पुढे फलटणच्या लोकांच्या मराठी बोलीवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पीएच.डी. केली. फलटणच्याच जाई निंबकरांबरोबर, म्हणजे इरावती कर्व्यांच्या मुलीबरोबर, त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीचं साहित्य तयार केलं: व्याकरण, वाचनपाठ, एक छोटा मराठी-इंग्रजी कोश, १९७५ च्या सुमाराचं सगळं, आणि पेनसिल्व्हेनियाच्या विभागातून निघालेल्या त्या कामामागे अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा पैसा होता. तो छोटा कोशपण आज त्याच शिकागोच्या साइटवर आहे. त्या पाठांमधली मराठी बघण्यासारखी आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकात 'सदाशिव पेठेतलं' तेवढं शुद्ध, इथे तसं नाही, बाजारात, एसटीत, घरात माणसं जे बोलतात ते डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. बाईंचा अभ्यासच मुळी जातीप्रमाणे, शिक्षणाप्रमाणे बोली कशी बदलते याचा होता ना. पुढे त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं, फलटणला मराठी माध्यमाची शाळा काढली, ज्या मुलांना शाळेतली भाषा परकी वाटते त्यांना वाचायला कसं शिकवायचं यात अख्खं आयुष्य घातलं. परदेशी माणसांना आपली भाषा कशी उलगडून सांगायची याचा विचार करणारीच बाई आपल्याच पोरांना वाचायला शिकवायला बसली. रशियाच्या भीतीने काढलेल्या कायद्याचं पाणी फलटणच्या कुठल्या शेतात मुरलं बघा.

आता हे अनुदानाचं यंत्र चालायचं कसं ते सांगतो, कारण पुढे ते मोडलं कसं हे त्याशिवाय कळणार नाही.

मुख्य खुंटी म्हणजे फ्लॅस नावाची फेलोशिप. सरकार थेट विद्यार्थ्याला देत नाही. विद्यापीठाने दर चार वर्षांनी स्पर्धेत उतरून आपला कोटा मिळवायचा, अर्जात कुठल्या भाषा शिकवणार ते लिहायचं, मग मुलांनी विद्यापीठाकडे अर्ज करायचा. अलीकडच्या चक्रात पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षाला २० हजार डॉलर हातात आणि फीपोटी १८ हजारांपर्यंत, पदवीच्या मुलाला ५ हजार हातात आणि १० हजार फीला, फक्त उन्हाळ्यापुरतं शिकायचं असेल तर त्याचे वेगळे आणि कमी. उन्हाळ्याचा कोर्स किमान ६ आठवड्यांचा आणि सुरुवातीच्या पातळीला १४० तासांचा पाहिजे, उगाच सहलीला जाऊन आलो असं चालत नाही. नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला पाहिजे. आणि ज्याला ती भाषा मायबोलीसारखी येते त्याला मिळत नाही, म्हणजे न्यू जर्सीतली आपली पोरं, ज्यांना आईचं सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत येतं आणि वाचता तर अजिबात येत नाही, ती यात बसू शकतात.

मराठीचा वर्ग म्हणजे मुलं किती असणार. तीन, चार, कधी दोनच. कुठल्याही कॉलेजच्या अकाउंटवाल्याला विचारा, दोन मुलांसाठी एक शिक्षक ठेवणं म्हणजे घरात दोन माणसं आणि आचारी लावल्यासारखं. पण त्या दोनातल्या एकीला फ्लॅस आहे म्हटल्यावर तिला तो कोर्स घ्यावाच लागतो, अट आहे तशी, म्हणजे वर्ग भरवावाच लागतो, म्हणजे शिक्षक लागतो, आणि शिक्षकाच्या पगाराचा काही भाग केंद्राच्या अनुदानातून निघतो. शिक्षक आहे म्हणून पुढच्या वर्षी अर्जात मराठी लिहिता येते, अर्जात भाषा जास्त म्हणून गुण जास्त, गुणांमुळे कोटा, कोट्यामुळे विद्यार्थी. गोल फिरतं सगळं. रहाटासारखं, एक गाडगं खाली जातं तेव्हा दुसरं भरून वर येतं. आणि रहाटाची माळ एका जागी तुटली तरी काय होतं ते शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको.

याच प्रकरणात दुसरी एक योजना आहे, छोट्या कॉलेजांसाठी, पदवीच्या मुलांसाठी, यू.आय.एस.एफ.एल. म्हणतात तिला, साधारण १९७२ पासूनची. नवीन भाषा सुरू करा, परदेश-अभ्यासाचे कोर्स काढा, प्राध्यापकांना तयार करा, असे हेतू. एकट्या कॉलेजला दोन वर्षं, कॉलेजांच्या गटाला तीन. म्हटलं चला, इथून तरी मराठी एखाद्या कम्युनिटी कॉलेजात शिरत असेल. नाही शिरत, आणि का नाही ते हिशोबातच दिसतं. सरकार जेवढे देणार साधारण तेवढेच कॉलेजने आपले घालायचे, रोख नाहीतर प्राध्यापकांच्या वेळेच्या, जागेच्या रूपाने. समजा एखाद्या कॉलेजने वर्षाला ९० हजार मागितले तर ९० हजार स्वतःचे दाखवायला पाहिजेत. वर ऑफिसखर्च, लाइटबिल वगैरे म्हणून जे टक्के कापता येतात ते फक्त ८, जिथे मोठ्या विद्यापीठांना विज्ञानाच्या संशोधनात पन्नास-पन्नास टक्के मिळतात. म्हणजे कॉलेजच्या वरच्या साहेबाला यात मलई काही नाही. तो विचारणार, दोन वर्षांनी पैसे संपले की हा कोर्स स्वतःच्या पायावर उभा राहील का? अरबी राहील, चिनी राहील, स्पॅनिश तर राहीलच, हिंदी कदाचित. मराठीला तो हो म्हणणार नाही आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही म्हटलं नसतं. योजना वाईट नाही बरं का, पण ती बी पेरायला पैसे देते, बारमाही पाणी देत नाही, आणि मराठीसारख्या भाषेला तिकडे लागतं ते बारमाही पाणी.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची पण एक वेगळी मोठी शिष्यवृत्ती आहे महत्त्वाच्या भाषांसाठी, तिच्या यादीत हिंदी, उर्दू, पंजाबी येऊन गेल्या, मराठी नाही. तर टायटल सिक्स सोडलं तर अमेरिकन सरकारकडून मराठीला फारशी वाट नाहीच.

या पैशावर भांडणं कायम झाली. एकीकडे विद्यापीठातलेच लोक म्हणायचे की हा हेरगिरीचा पैसा, याला हात लावू नका. दुसरीकडे २००३ मध्ये अमेरिकन संसदेच्या उपसमितीपुढे तक्रार झाली की या केंद्रांमधून अमेरिकेच्या धोरणाविरुद्धच शिकवलं जातं, यांच्यावर देखरेख मंडळ नेमा. मला दोन्ही बाजूंची गंमत वाटते कारण मराठीचा वर्ग यात कुठेच बसत नाही. महानुभावांचं लीळाचरित्र वाचणारी अ‍ॅन फेल्डहाउस कोणाची हेर? आंबेडकरी चळवळीवर १९६९ मध्ये पीएच.डी. करणाऱ्या एलिनॉर झेलियट बाईंनी पेंटॅगॉनला काय कळवलं असेल? उलट आपल्याकडच्या कित्येक प्राध्यापकांनी दलित साहित्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं तेव्हा ही बाई मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात बसून त्याची भाषांतरं करत होती. त्यांना कुणाला कुठली फेलोशिप होती ते बाजूला ठेवू, मुद्दा असा की तिकडे मराठी शिकायची सोय होती, म्हणून ही पिढी झाली.

मग तुटायला कधी लागलं? पहिला दणका २०११. त्याआधीच्या वर्षी टायटल सिक्स आणि त्याच्या जोडीची फुलब्राइट-हेज योजना (परदेशात जाऊन शिकण्या-संशोधनासाठीची) मिळून १२ कोटी ६० लाख डॉलरच्या आसपास होते, ते एका झटक्यात साडेसात कोटींच्या घरात आले, चाळीस टक्के गेले. एवढी कपात वर्षाच्या मधेच. पुढे थोडं थोडं वाढत ते ८ कोटी ५७ लाखांवर आलं. हा आकडा मोठा वाटतो म्हणून सांगतो, एक एफ-३५ लढाऊ विमान साधारण एवढ्याला पडतं. एक विमान. त्यात देशभरातली सगळी केंद्रं, सगळ्या भाषा, सगळ्या फेलोशिपा.

दुसरा दणका २०२५ चा आणि तो कपातीचा नव्हताच. मार्चमध्ये शिक्षण खात्यातली अर्धी माणसं कमी केली तेव्हा हे अनुदान सांभाळणारं ऑफिस रिकामं झालं. मग नव्या बजेटच्या प्रस्तावात ८ कोटी ५७ लाखांच्या जागी शून्य. कारण काय दिलं तर भाषा शिकवणं हे केंद्र सरकारचं काम नाही, अशा सुराचं. तरी लोकांना वाटत होतं की चालू चक्र तरी पुरं होईल, २०२२ ला चार वर्षांसाठी मंजूर झालेलं, तीन हप्ते आलेले. चौथा सप्टेंबर २०२५ मध्ये थांबला. विद्यापीठांची टर्म सुरू झालेली होती. मुलांनी त्या भरवशावर घरं भाड्याने घेतलेली, शिक्षकांची वर्षभराची पत्रं निघालेली. काही विद्यापीठांनी पदरचे पैसे घालून मुलांचं त्या वर्षापुरतं निभावलं. त्या वर्षापुरतं.

आता रहाट आठवा. फेलोशिप नाही म्हणजे कोर्स घ्यायची सक्ती नाही, म्हणजे त्या दोन-तीन मुलांपैकी एखादंच राहणार, एका मुलावर वर्ग चालत नाही, आणि अशा जागा बहुतेक वर्षा-दोन वर्षांच्या कराराच्या असतात, त्यामुळे कोणाला काढून टाकायचीपण गरज नाही, पत्र नव्याने द्यायचं नाही एवढंच. भाषा बंद केली असं कोणी जाहीर करत नाही. यादीत नाव राहतं, पुढे 'यंदा उपलब्ध नाही' येतं, मग दोन वर्षांनी यादीतून नाव जातं. आपल्याकडच्या कॉलेजांत मराठीचे, संस्कृतचे, तत्त्वज्ञानाचे विभाग असेच गेलेत, आपल्याला ही पद्धत नवी नाही.

इथे मला आपल्या लोकांबद्दल बोलायचंय आणि थोडं कडू लागेल. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले, फ्लेक्स लागले. जुलै २०२५ मध्ये दिल्लीला जेएनयूत कुसुमाग्रजांच्या नावाने मराठीचं केंद्र सुरू झालं, तेही बरीच वर्षं रेंगाळल्यावर. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मराठीच्या पायाखालची फळी निघाली आणि त्याबद्दल मी तरी एकही फ्लेक्स बघितला नाही. बरं, अमेरिकेत मराठी माणूस गरीब आहे का? बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, अधिवेशनं कशी होतात आपण फोटोत बघतोच. त्यांच्या मराठी शाळा खरंच चांगलं काम करतात, भारती विद्यापीठाच्या परीक्षा घेतात, रविवारी सकाळी थंडीत पोरांना गाडीत कोंबून 'अ अननसाचा' शिकवायला नेणाऱ्या आयांना माझा दंडवत आहे. पण ती झाली घरच्या पोरांची शाळा. विद्यापीठात मराठी असणं ही वेगळी गोष्ट आहे, तिथे मराठीशी रक्ताचं नातं नसलेलं माणूस येतं, आणि बखर वाचणारा, अभंगावर प्रबंध लिहिणारा, कोश करणारा तिथून निघतो.

तमिळ लोकांनी काय केलं ते बघा. हार्वर्डमध्ये तमिळचं अध्यासन पाहिजे म्हणून अमेरिकेतल्या दोन तमिळ डॉक्टरांनी आधी स्वतःचे पाच-पाच लाख डॉलर ठेवले, मग जगभर झोळी फिरवली, तमिळनाडू सरकारने १० कोटी रुपये दिले, आणि २०१८ पर्यंत ६० लाख डॉलर जमवून दाखवले. ही रक्कम खर्चायची नसते, ठेव असते. वर्षाला चार टक्के जरी काढले तरी २ लाख ४० हजार डॉलर होतात, आणि वॉशिंग्टनमध्ये कोणाचं का सरकार येईना, तमिळच्या प्राध्यापकाचा पगार होतो. मराठी हार्वर्डला जायलाच हवी असं माझं म्हणणं नाही. शिकागो किंवा पेनसिल्व्हेनियासारख्या जिथे मराठीची परंपरा आहे अशा एका ठिकाणी एका साध्या लेक्चररची कायमची ठेव झाली तरी पुरे. अध्यासनाचा थाट नको, पुतळा नको, उद्घाटनाला मंत्री तर नकोच. आणि दोन-चार फेलोशिपा, कारण मघाशी सांगितलं तसं, नुसता शिक्षक ठेवून भागत नाही, वर्गात बसायला माणूस पाहिजे. साठ वर्षांत अमेरिकन सरकारला हे कळलेलं होतं की भाषेला पैसे द्यायचे म्हणजे शिकणाऱ्याला द्यायचे. आपल्याकडे भाषेचे पैसे म्हटले की इमारत आणि संमेलन.

कोणी म्हणेल, त्यांच्या करदात्याने आपल्या भाषेसाठी का म्हणून भरावं? बरोबर आहे, बिलकुल भरू नये, मी त्यांच्यावर चिडलेलो नाहीच. उलट इतकी वर्षं भरलं याचंच नवल. मला खटकतं ते एवढंच की दाते-कर्वे पुण्यात जमवला गेला, १९३२ ते १९५० एवढा काळ खपून, माणसांनी छापला, आणि तो मला फुकट वाचायला मिळतो तो शिकागोच्या कृपेने.

आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक काकू राहायच्या, त्या अशा मराठी शिकायला आलेल्या मुलींना ठेवून घ्यायच्या, पेइंग गेस्ट. एक मुलगी होती, आल्या आल्या रिक्षावाल्याला म्हणाली, "अहो, आपल्याला कोथरूडला जायचं आहे का?" रिक्षावाला म्हणाला, मला नाही जायचं, तुम्हाला जायचंय का सांगा. 'आपण' म्हणजे तुम्हीपण आणि आपण सगळेपण, हे पुस्तकात वाचून कळतं पण तोंडात बसायला वेळ लागतो. सहा महिन्यांनी हीच पोरगी काकूंकडे त्यांच्या सासऱ्यांच्या ट्रंकेतले कागद घेऊन बसलेली, कोकणातल्या कुठल्याशा जमिनीचे, मोडीतले. काकूंना एक अक्षर वाचता येत नव्हतं, त्यांच्या मुलालाही नाही, मलाही नाही. ती बोट ठेवून अडखळत वाचत होती आणि मधेच थांबून म्हणाली, काकू, यात तुमच्या आजेसासूबाईंचं नाव आहे. काकू चष्मा लावून नुसत्या त्या ओळीकडे बघत राहिल्या.

ती मुलगी कुठल्या पैशावर आली होती ते तेव्हा कोणी विचारलं नाही. चहा ठेवला, एवढंच. काकू गेल्या, ट्रंक मुलाकडे आहे, कागद तसेच आहेत, उरलेले गठ्ठे कोणी वाचलेले नाहीत. मध्यंतरी त्याने मला विचारलं, मोडी वाचणारं कोणी आहे का ओळखीचं. मी म्हटलं बघतो, आणि घरी येऊन एका अडलेल्या शब्दासाठी पुन्हा तीच शिकागोची साइट उघडली. चालू होती.